पाहुण्याचा फोटो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मंडळातले माझे काम म्हणजे हळदीकुंकवाची ताटे लावणे आणि कार्यक्रम संपला की सतरंज्या झाडून ठेवणे. शिक्षण सातवीपर्यंत. गावातली शाळा सातवीला संपली आणि माझीही तिथेच संपली. तेव्हा बोलताना कुठे शब्द चुकला, तर घरच्या बाईचा म्हणून सांभाळून घ्या.

सेक्रेटरीबाईंनी मला विषय दिला होता 'घरगुती निवास : गृहिणींचा जोडधंदा'. त्यावर बोलायला आपल्यात माझ्याहून जाणत्या पुष्कळ आहेत. खोली कशी मांडावी, मोदकांच्या ताटाचे किती घ्यावे, पर्यटन महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेत नाव कसे घालावे, हे तुम्हीच मला शिकवले. म्हणून मी या धंद्यातल्या एकाच बारीकशा गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे पाहुण्याचा फोटो.

आपल्या मंडळातल्या अकरा घरांत आज पाहुणे उतरतात. पूर्वीही उतरत. पण तेव्हाचा पाहुणा एस. टी.तून उतरून खळ्यात येऊन उभा राही आणि 'खोली मिळेल का?' म्हणून विचारी. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग बोलायचे, ही आपली रीत. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाई. आता पाहुणा फोनवर येतो. निरोपाच्या शेजारी टिकलीएवढा त्याचा फोटो असतो. त्या टिकलीएवढ्या फोटोला नाही म्हणणे फार सोपे झाले आहे. पाणीसुद्धा द्यावे लागत नाही.

आपण अकराजणींनी फोनवर एक ग्रुप केला आहे. चौकशी आली की पाहुण्याचे नाव आणि फोटो तिथे टाकायचा आणि 'घेऊ का?' म्हणून विचारायचे. कोणी लिहिते, 'बरे दिसतात.' कोणी लिहिते, 'नको ग बाई.' हा प्रकार सुरू करणाऱ्यांत मी सर्वांच्या पुढे होते. आज तोच प्रकार बंद करा, असे सांगायला मी उभी आहे. का, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. एका गृहस्थांचा निरोप आला. 'दोन रात्री. आम्ही दोघे आणि दोन मुले. घरचे जेवण चालेल. आगाऊ पैसे आजच पाठवतो.' याहून चांगली चौकशी ती कोणती? तारखा मोकळ्या होत्या. मी फोटो मोठा करून पाहिला. गृहस्थांना दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. शेजारी बुरख्यातली बाई, पुढे दोन मुले, धाकट्याच्या हातात फुगा. मी तो फोटो ग्रुपवर टाकला. काहीजणींनी काही लिहिले. काय लिहिले ते आज उकरून काढत नाही, कारण खोली माझी होती आणि निर्णयही माझाच. मी उत्तर पाठवले, 'खोल्या भरल्या आहेत.'

भगिनींनो, मी मासळी कोणाकडून घेते ते तुम्हाला ठाऊक आहे. हर्णैच्या बंदरावरच्या लिलावातून जे चाचा टेंपो भरून आपल्या दारी आणतात, त्यांना माझ्या सासूबाई ओळखत, मी ओळखते. ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा येतो, तोच डबा गणपतीत मोदक घेऊन परत जातो. त्यांच्या डोक्यावरही तशीच टोपी असते. ती मला इतक्या वर्षांत कधी दिसली नाही. फोनवरची मात्र चटकन दिसली. ओळखीच्या माणसाचा आपण चेहरा पाहतो. अनोळखी माणसाची टोपीच पाहतो.

दुसऱ्या दिवशी आणखी एकाचा निरोप आला. तारखा त्याच, माणसे चारच. फोटोत नवरा-बायको देवळापुढे उभी. मी लगेच 'या' म्हणून कळवले. तासाभराने पहिल्या गृहस्थांचा निरोप आला. तो मला आजही पाठ आहे. 'ताई, तुम्ही आता होकार दिलात तो माझा ऑफिसातला मित्र आहे. त्याला मीच विचारायला सांगितले होते. फोटो बदलून मी पुन्हा विचारू का?'

त्यांनी शिवी दिली असती तर बरे झाले असते. शिवीला उलट शिवी देता येते. याला काय उत्तर द्यावे? मी काहीच दिले नाही. मित्राने अर्थातच खोली घेतली नाही. दोन्ही रात्री ती रिकामी राहिली. 3,600 रुपये बुडाले आणि घरात मी सांगितले, 'पाहुण्यांचा बेत बदलला.' म्हणजे एका खोट्यावर दुसरे खोटे.

मी ते विसरलेही असते. पण त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी थोरली, जी पुण्याला नोकरी करते, ती तीन मैत्रिणींबरोबर सहलीला निघाली. तिने अशाच एका घरगुती खोलीची चौकशी केली. मालकांनी आधी चौघींचा फोटो मागवला. तिने पाठवला. जीन्स घातलेल्या चार मुली, गळ्यात मंगळसूत्र कोणाच्याच नाही. उत्तर आले, 'आम्ही फक्त फॅमिलीला देतो.' पोर मला फोनवर विचारते, 'आई, मला आईबाप, भाऊ सगळे आहेत, मग मी फॅमिलीतली नव्हे का? आमच्या फोटोत त्यांना काय दिसले ग?'

मी काय सांगणार? त्यांना काय दिसले ते मला पक्के माहीत होते. सहा महिन्यांपूर्वी मलाही तसेच दिसले होते.

ती घरी आली तेव्हा रात्री माजघरात बसून मी तिला मेची सारी हकिकत सांगितली. ती रागावली नाही. तिने मला अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. ती मला समजली तशी तुम्हाला सांगते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात 2008 साली एअरबीएनबी नावाची कंपनी निघाली. ज्याच्या घरात जागा आहे त्याने ती पाहुण्याला द्यावी आणि दोघांची गाठ कंपनीने घालून द्यावी, असा हा धंदा. अनोळखी माणूस घरात घ्यायचा तर विश्वास हवा, म्हणून पाहुण्याने नाव आणि फोटो द्यावा अशी रीत पडली. हेतू वाईट नव्हता. परंतु काही वर्षांतच तिथले काळे लोक सांगू लागले, की आमचा फोटो पाहिला की खोल्या भरलेल्या असतात.

हार्वर्डच्या संशोधकांनी 2015 साली याची परीक्षा घेतली. पाच शहरांतल्या सुमारे 6,400 घरमालकांना त्यांनी चौकशीचे निरोप पाठवले. निरोप सारखाच. फरक फक्त नावाचा. काही नावे गोऱ्या लोकांत असतात तशी, काही काळ्या लोकांत असतात तशी. फोटो लावलाच नव्हता. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 100 मागे 50 ठिकाणी होकार आला. काळ्या वाटणाऱ्या नावांना 42 ठिकाणी. नकार देणाऱ्यांत बायकाही होत्या. आणि नकार दिल्यावर खोली पुष्कळदा रिकामीच राहिली, असेही त्यांना आढळले. हे ऐकताना मला माझे 3,600 रुपये आठवले.

त्या शोधातली एक गोष्ट मात्र मला सर्वांत मोलाची वाटली. ज्या घरमालकांकडे पूर्वी एकही काळा पाहुणा राहून गेला नव्हता, त्यांच्यात हा भेद सर्वांत जास्त दिसला. म्हणजे 'आम्हाला अनुभव आहे ना' असे आपण म्हणतो खरे, पण नकार बहुधा अनुभवातून येत नाही. अनुभव नसतो म्हणूनच येतो.

पुढे गवगवा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2018 च्या ऑक्टोबरात त्या कंपनीने जाहीर केले, की घरमालकाने होकार दिल्यावरच त्याला पाहुण्याचा फोटो दिसेल. नाव मात्र दिसतच राहिले. ऑरेगन राज्यातल्या काही काळ्या बायकांनी दावा लावला होता. त्यात 2019 साली तडजोड झाली आणि 2022 च्या जानेवारीअखेरपासून त्या राज्यातल्या पाहुण्यांच्या नावाचे होकारापूर्वी फक्त पहिले अक्षर दिसू लागले. 2022 च्या डिसेंबरात कंपनीने स्वतःच आकडे छापले. 2021 साली अमेरिकेत गोरे वाटणाऱ्या पाहुण्यांची 100 मागे 94.1 बुकिंगे पार पडली, काळे वाटणाऱ्यांची 91.4. अंतर थोडे दिसते, पण त्या अंतरात किती कुटुंबे दारातून परत गेली असतील, याचा विचार करा.

आणखी एक मजेची गोष्ट. वर्ण आणि धर्म पाहून हॉटेलांतून माणसाला परत पाठवू नये, असा कायदा अमेरिकेत 1964 साली झाला. पण त्यात एक सवलत ठेवली. मालक ज्या घरात स्वतः राहतो आणि जिथे पाचांहून जास्त खोल्या भाड्याने नाहीत, त्या घराला तो कायदा लागू नाही. त्या वेळच्या वादात एक कल्पित बाई उभी केली होती, मिसेस मर्फी. राहत्या घरातल्या दोन-चार खोल्या भाड्याने देऊन पोट भरणारी. तिने घरात कोणाला घ्यावे हे सरकारने का सांगावे, असे लोक विचारीत. ती सवलत अजून त्या बाईच्याच नावाने ओळखली जाते.

मुलगी म्हणाली, 'आई, तू म्हणजे आपली मर्फीबाई!' मी हसले, पण ते मनात रुतून बसले. कायद्याने मर्फीबाईला मोकळे सोडले म्हणजे काय केले? तिला तिच्याच मनाच्या हवाली केले. जिथे शिपाई उभा राहणार नाही, तिथे आपणच उभे राहायचे.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट, काळ्या-गोऱ्यांची. आपल्याकडे असे कुठे आहे? तर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर, ज्यांच्या लहानपणाची काही वर्षे आपल्या दापोलीत गेली, त्यांची गोष्ट ऐका. अमेरिकेत आणि विलायतेत शिकून ते 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान माणूस, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. दोन मित्रांकडे आसरा मिळेल का म्हणून त्यांनी विचारून पाहिले, तिथेही झाले नाही. मग बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परत आले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांना नाव बदलून राहावे लागले. शंभर वर्षांनी एक गृहस्थ मला विचारतात, 'फोटो बदलून विचारू का?' सांगा, यात किती अंतर पडले?

आता तुमच्या मनातली शंका मला कळते. परवा एक वहिनी मला म्हणाल्याच, 'तुझे घर माणसांनी भरलेले. माझ्याकडे पुरुषमाणूस मुंबईला, घरात मी आणि म्हाताऱ्या सासूबाई. कोणालाही कसे घ्यायचे?' ही भीती खोटी नाही. बाईने घर उघडणे आणि हॉटेलवाल्याने खोली उघडणे यांत फरक आहे. तो मी नाकारत नाही. पण फोटोने ती भीती जाते का, एवढेच आपण पाहू.

गेल्या डिसेंबरात आपल्यातल्या एकीकडे पाचजण उतरले. रात्रभर दारू, मोरीतले भांडे फोडले आणि पहाटे पैसे न देता पसार झाले. त्यांचा फोटो ग्रुपवर आला होता. लग्नातला, कोट घातलेला, शेजारी म्हातारी आई. 'चांगल्या घरचे दिसतात,' असे कोणी लिहिले होते? मीच लिहिले होते. फोटोने चोराला आत घेतले आणि मुलाबाळांच्या बापाला बाहेर ठेवले. मग तो राखणदार कसला?

माझे म्हणणे असे, की ओळख पटवणे वेगळे आणि तोंड पाहून ठरवणे वेगळे. ओळख पटवलीच पाहिजे. अटी आधी लिहून पाठवा : माणसे किती, दारू चालणार नाही, रात्री अमुक वाजता दार बंद. आगाऊ रक्कम घ्या. पाहुणा दारात आला की प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र पाहा, चेहरा त्याच्याशी ताडून पाहा, वहीत नोंद करून सही घ्या. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांच्या आत त्याच्या माहितीचा नमुना भरून पाठवावा लागतो, तो विसरू नका. एकटी असाल तर शेजारणीला आधी सांगून ठेवा. पोलिसांचा 112 हा आकडा फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पाहुण्याचे आधारकार्ड कधीही ग्रुपवर टाकू नका. तो त्याचा विश्वास आहे. गावभर वाटायची वस्तू नव्हे.

पाहुण्याला नाही म्हणूच नये, असेही मी म्हणत नाही. दोन खोल्यांत बाराजण येतो म्हणाले तर नाही म्हणा. दारू हवी म्हणाले तर नाही म्हणा. पण जी अट एकाला ती सर्वांना. आणि नकाराचे कारण पाहुण्याला तोंडावर सांगता आले पाहिजे. जे कारण सांगायची लाज वाटते आणि त्याऐवजी 'खोल्या भरल्या' लिहावे लागते, ते कारण नव्हेच.

गेले वर्षभर माझ्याकडे मी एक रीत ठेवली आहे. फोटो समोर असला की डोळा तिथे जातोच. मी काही संत नव्हे. म्हणून चौकशी आली की फोन मी हातातच घेत नाही. धाकटा मुलगा निरोप वाचून दाखवतो. नाव वाचायचे नाही, असे त्याला सांगून ठेवले आहे. माणसे किती, रात्री किती, केव्हा येणार, जेवण काय. कालनिर्णयावर तारीख मोकळी असली की मी 'होय' सांगते. मगच नाव वहीत चढते. पहिल्या महिन्यात मला झोप लागत नसे, की आता कोण येऊन उभे राहते! आले ते सगळे गुणी निघाले, असे खोटे सांगणार नाही. एका कुटुंबाने चादरी खराब केल्या. एका गृहस्थांनी बिलावरून घासाघीस केली. त्यातले कोण कोणत्या जातीधर्माचे, ते सांगत नाही. चादरीवरचा डाग सगळ्यांचा सारखाच निघतो.

त्या मेमधल्या गृहस्थांना मी नंतर निरोप पाठवला. 'खोल्या रिकाम्या होत्या. मी खोटे बोलले. माझे चुकले.' निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यांनी वाचला. उत्तर आले नाही. मी चार दिवस वाट पाहिली, मग सोडून दिली. उत्तर द्यायला ते बांधलेले नव्हते. त्यांच्या मुलांची ती सुट्टी मी परत देऊ शकत नाही.

तेव्हा मंडळाला माझी विनंती एवढीच. आजपासून ग्रुपवर पाहुण्याचा फोटो आणि नाव टाकायचे बंद करू या. ग्रुप मोडायला नको. त्याचा उपयोग दुसरा आहे. एकीची खोली खरोखर भरली की पाहुणा पाळीने दुसरीकडे पाठवायचा, एकटीच्या घरी कोणी उतरले की बाकीच्यांनी रात्री एकदा तिची विचारपूस करायची. आपल्या घटनेने दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांची दारे धर्म, जात, स्त्री-पुरुष असा भेद करून बंद करायला मनाई केली आहे. आपण पैसे घेऊन खोली देतो, म्हणजे लहानसे का होईना, दुकानच मांडले आहे. आणि आपल्या मुलीही उद्या कुठल्या तरी अनोळखी दारात उभ्या राहणार आहेत.

ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी आज हो म्हणू नये. माझ्या घरी यावे, चहा घ्यावा आणि भांडावे. पण मागे बोलू नये. पटले असेल त्यांनी घरी गेल्यावर ग्रुपमधले जुने फोटो तेवढे पुसून टाकावेत. मी माझे सकाळीच पुसले. तो फुगा घेतलेला मुलगा पुसताना हात थांबला होता.

 मंडळाने मला सतरंजीवरून उठवून इथे उभे केले. सतरंज्या मात्र आजही मीच झाडणार आहे.